हिवाळी स्पिती : किब्बरला राहायला जायचंय? रस्ता, गाडी, घर आणि उंची (जानेवारी ते मार्च)

पाऊलवाट

डिसेंबर आला की हिवाळी स्पितीबद्दल (हिमाचलमधलं उंचावरचं थंड खोरं, किब्बर हे त्यातलं काझाच्या वरचं गाव) तेच तेच प्रश्न येतात आणि उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरलेली असतात. इथे सगळं एका जागी आणू. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

पहिली गोष्ट रस्त्याची. मनालीकडून जाता येत नाही. कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मी.) ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फाने बंद होते, ती मे-जूनमध्ये उघडते. हिवाळ्यात एकच वाट: शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. शिमला ते पिओ साधारण २३० किमी, पिओ ते काझा साधारण २०० किमी. हे दुसरे २०० किमी नकाशावर एका दिवसाचे दिसतात, पण बर्फ पडून गेल्यावर त्यांना दोन दिवसही लागतात.

नारकंडा २,७०० मीटरवर आहे, तिथे आणि कुफ्रीला बर्फ पडला की वाहतूक ठप्प होते. अशा वेळी शिमल्याहून बसंतपूरमार्गे सतलजच्या कडेकडेने सैंजला निघणारा खालचा रस्ता धरायचा. ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा, कुफ्रीच्या पुढचं फागू ओलांडल्यावर नव्हे.

मुक्काम मी असे ठरवीन: रामपूर (जेमतेम १,००० मी.), मग कल्पा (२,९६० मी.) किंवा पिओ, मग ताबो (३,२८० मी.) दोन रात्री, मग काझा (सुमारे ३,७०० मी.) दोन रात्री आणि मग किब्बर (सुमारे ४,२७० मी.). नाको वाटेतच आहे, पण ते ताबोपेक्षा उंच (३,६६० मी.). कल्प्याहून उठून थेट नाकोला झोपायचं म्हणजे एका रात्रीत ७०० मीटरची उडी. नाकोत जेवा, तळं बघा, झोपायला ताबोला उतरा. ताबोचा मठ इ. स. ९९६ चा आहे, त्यामुळे तिथला मोकळा दिवस वाया जात नाही.

किब्बरला किमान चार रात्री ठेवा. लांगझा, हिक्किम, कोमिक, ढंकर अशी सगळी नावं हिवाळ्यात एका फेरीत कोंबू नका. उन्हाळ्यातला अर्ध्या तासाचा रस्ता इथे बर्फ काढला जाईपर्यंत बंद असतो, आणि रोज नव्या घरी उतरलात तर त्या घराला रोज नवी खोली तापवायला सरपण जाळावं लागतं.

परतीच्या आधी तीन ते चार दिवस राखीव हवेत. विमानाचं तिकीट बदलता येईल असं काढा. नियमित औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त घ्या.

टिपणवही

धाग्याबद्दल आभार. एकूण नऊ दिवसांची सुट्टी आहे, त्यात पुणे ते पुणे बसेल का? आणि जानेवारी बरा की मार्च?

पाऊलवाट

नऊ दिवसांत किब्बर नको. चंदीगडपर्यंतचे येण्याजाण्याचे दोन दिवस गेले की सात उरतात, त्यातून राखीव दिवस वजा केले तर चढायला आणि उतरायलाच वेळ पुरतो. तेवढ्यात कल्पा, नाको, ताबो छान होईल. बर्फही भेटेल.

महिन्याचं म्हणाल तर जानेवारीत थंडी सगळ्यात कडक, किब्बरला रात्री उणे २५ च्या खालीही जातं, पण आभाळ बरेचदा निरभ्र असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस मोठा, ऊन जरा उबदार, मात्र पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणाली) आले की एकेका वेळी दोन-तीन फूट बर्फ पडू शकतो आणि हिमस्खलनाचा धोकाही तेव्हाच जास्त. हिमबिबट्यासाठी जाणारे बहुतेक जण फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य धरतात.

तिसरा_गिअर

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी लिहितो. बहुतेकांची गाडी बर्फात रुतून नव्हे, तर सकाळी सुरूच न झाल्यामुळे अडकते.

डिझेल: मैदानी भागात भरलेलं साधं डिझेल या थंडीसाठी नसतं. थंडीत त्यातलं मेण सुटं होतं आणि फिल्टरमध्ये बसतं. लक्षण ठरलेलं आहे. गाडी पहिल्या चावीला सुरू होते, दोन-तीन मिनिटं चालते आणि दम तुटल्यासारखी बंद पडते, कारण फिल्टरपुढे नळीत जेवढं होतं तेवढं जळून गेलेलं असतं. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत बसलात तर बॅटरीही जाते. फिल्टरभोवती फडकं गुंडाळून त्यावर गरम पाणी हळूहळू ओता, इलेक्ट्रिक जोडण्यांवर पाणी जाऊ देऊ नका आणि ऊन येईपर्यंत थांबा. खाली शेकोटी पेटवण्याचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका.

मेण न धरू देणारं अ‍ॅडिटिव्ह मिळतं, पण ते डिझेल पातळ असतानाच टाकीत टाकावं लागतं, म्हणजे पिओला भरतानाच. एकदा मेण धरल्यावर ओतून उपयोग नाही. जुन्या इंजिनांत लोक केरोसीन मिसळायचे. बीएस-६ गाडीत तसं करू नका. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, केरोसीनने ते कमी होतं आणि पंप खरवडला जातो. इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल आणलं. काझाच्या पंपावर त्या हंगामात कोणतं डिझेल आहे हे आधी फोन करून विचारा. ज्यांच्या गाडीला डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागतं त्यांनी लक्षात ठेवा की ते उणे ११ ला गोठतं. टाकीला हीटर असतो, पण डब्यातलं जादा डीईएफ डिकीत ठेवू नका, रात्री खोलीत घ्या.

पेट्रोल गाडीला यातलं काहीच होत नाही. निवड हातात असेल तर पेट्रोल आणि फोर बाय फोर.

कूलंट: आपल्याकडे उन्हाळ्यात गॅरेजवाल्याने नुसतं पाणी टॉप-अप केलेलं असतं. ते तसंच घेऊन गेलात तर रेडिएटर किंवा इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो. सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, उणे ३५ च्या आसपासपर्यंत चालतं. काच धुवायच्या टाकीतलं पाणी पूर्ण उपसून टाका. इंजिन ऑइल १५डब्ल्यू-४० असेल तर मॅन्युअल बघून ५डब्ल्यू-३० वर जा.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही, लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड. वायपर उचलून ठेवा. तोंड पूर्वेकडे करून लावली तर सकाळचं ऊन बॉनेटवर येतं. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर घरूनच बदलून निघा. उणे १८ ला चांगल्या बॅटरीची ताकदही निम्म्याच्या आसपास येते.

दऱ्याखोरी

+१. साखळ्यांबद्दलही लिहा. आणि भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांना हे सगळं लागतं का?

तिसरा_गिअर

साखळ्या नेहमी इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना, मागच्या नव्हे. फोर बाय फोरला एकच जोडी असेल तर मॅन्युअलमध्ये कुठली चाकं सांगितली आहेत ते बघा. टायरवर लिहिलेला आकार बघूनच घ्या आणि आपल्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून बघा. पद्धत अशी: साखळी चाकासमोर पसरायची, हुक बाहेरच्या बाजूला, गाडी हळूच तिच्यावर घ्यायची, आधी आतला हुक, मग बाहेरचा, मग ताणायचं. शंभर मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायचं. हे विसरलं की सैल साखळी ब्रेकच्या नळीला मारते. ताशी ३० च्या वर जायचं नाही, कोरडा डांबरी रस्ता लागला की काढायची. लोखंड उघड्या हाताने धरू नका, रबरी हातमोज्यांच्या आत पातळ लोकरी हातमोजे घाला.

बर्फापेक्षा वाईट म्हणजे रस्त्यावरून वाहणारं नाल्याचं पाणी गोठून झालेली काच. ती डांबरासारखीच काळी दिसते. सावलीतलं वळण आणि वरून येणारा नाला एकत्र दिसला की आधीच दुसऱ्या गिअरमध्ये या आणि ब्रेकवरचा पाय काढा. नाकोजवळचा मलिंग नाला आणि पूह ते खाबचा कडा, इथे दुपारी उन्हाने बर्फ सुटतो आणि वरून दगड येतात. हे टप्पे सकाळीच ओलांडायचे.

माझं स्पष्ट मत: बर्फात चालवायची सवय नसेल तर गाडी पिओला ठेवा आणि पुढे स्पितीचाच ड्रायव्हर घ्या. त्याला कुठला नाला कधी गोठतो हे माहीत असतं. त्याच्या गाडीबद्दलही वर लिहिलेल्या कूलंट-डिझेलची चौकशी करायला हरकत नाही.

चाकोरीबाहेर

हिमाचल परिवहनची पिओ-काझा बसही आहे, सकाळी लवकर सुटते, रस्ता उघडा असेल तेव्हा दहा-बारा तासांत पोचते. बर्फ पडल्यावर ती कुठपर्यंत जाणार हे आदल्या संध्याकाळी पिओच्या खिडकीवरच कळतं. चंदीगडच्या सेक्टर ४३ च्या बसस्थानकावरून पिओसाठी रात्रीच्या गाड्या असतात. सामान टपावर गेलं तर पाण्याची बाटली आणि औषधं त्यात ठेवू नका, गोठतात.

बसने जाणाऱ्यांचा फायदा असा की चालक-वाहक रस्ता बंद असेल तर निघतच नाहीत. खासगी गाडीत प्रवासी आग्रह करतात आणि ड्रायव्हर भिडेपोटी निघतो.

टिपणवही

आईला घेऊन जायचा विचार आहे. वय ६२, रक्तदाबाची रोजची गोळी चालू. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) द्यावी का? ऑक्सिजनचे छोटे डबे घ्यावेत का?

नाडीपरीक्षा

आईंना न तपासता गोळीचं हो-नाही इथे सांगता येणार नाही, पण डॉक्टरांकडे काय विचारायचं ते सांगतो.

रक्तदाब गोळीने ताब्यात असेल तर उंचीवर जायला सरसकट बंदी नसते. पहिले काही दिवस तो वाढलेला दिसू शकतो, म्हणून घरचं मोजण्याचं यंत्र बरोबर घ्या. त्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का हे बघा. डायमॉक्सही तेच करतं, दोन्ही मिळून अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रौढांसाठी प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू आणि सर्वांत उंच मुक्कामाला पोचल्यावर साधारण दोन दिवसांनी बंद. बोटांना मुंग्या येतात, वरचेवर लघवीला जावं लागतं, सोडा बेचव लागतो. घाबरू नका. पहिली गोळी घरीच घेऊन बघावी, म्हणजे ती सोसते की नाही ते कळतं.

पण गोळी चढण्याच्या गतीला पर्याय नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. काझा ते किब्बर तो थोडा मोडतो, म्हणूनच पाऊलवाट यांनी काझात दोन रात्री धरल्या आहेत. त्या कापू नका. मधल्या दिवशी 'की' नावाच्या गोंप्याला (मठ, ४,१६६ मी.) जाऊन परत काझात झोपलात तर उत्तम.

डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं एवढंच असेल तर तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस, सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच खाली. रात्र असली तरी. काझाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, तिथे ऑक्सिजन सुरू करून पुढे ताबोकडे उतरवा. छोट्या डब्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, त्यावर विसंबून राहणं धोक्याचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. गार बोटाला तो खोटा आकडा दाखवतो. किब्बरला ८०-८५ आकडा धडधाकट माणसातही दिसतो, म्हणून आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

रस्ता बंद असेल तर उतरताच येत नाही, हे हिवाळ्याचं वेगळेपण. त्यामुळे हृदयविकार, दमा वारंवार उफाळणारा किंवा गरोदरपण असेल तर मी हिवाळी किब्बरला नाहीच म्हणतो.

शेकोटी

घराबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. होमस्टे म्हटलं की लोक लॉज डोळ्यांसमोर ठेवून जातात.

हिवाळ्यात घर एका खोलीत राहतं. मध्यभागी पत्र्याची चौकोनी शेगडी, तिला तिथे तंदूर म्हणतात, धुरांडं छतातून बाहेर. स्वयंपाक, पाणी तापवणं, मोजे वाळवणं, गप्पा सगळं तिच्याभोवती. लाकूड आणि वाळलं शेण शरद ऋतूतच साठवून छपरावर रचलेलं असतं, आणि मे महिन्यापर्यंत तेच पुरवायचं असतं. त्यामुळे "आमच्या खोलीत रात्रभर तंदूर चालू ठेवा" हे सांगू नका. झोपण्याआधी तासभर पेटवतात, मग जाड गाद्या आणि दोन-तीन रजया. त्यात पुरेशी ऊब असते. गरम पाण्याची रबरी पिशवी मात्र नक्की न्या.

शेगडीत पुन्हा इंधन कोंबून दार-खिडकी गच्च लावून झोपणं जीवघेणं आहे. धुरांड्यात बर्फ किंवा काजळी अडकली की कार्बन मोनॉक्साइड खोलीतच राहतो. त्यानेही डोकंच दुखतं, उलटी येते, त्यामुळे लोक उंचीचा त्रास समजून पडून राहतात. ओळखायची खूण: खोलीतल्या सगळ्यांना एकदमच त्रास सुरू झाला आणि बाहेर आल्यावर उतरू लागला, तर शेगडीवर संशय घ्या. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर मिळतो, तो बरोबर ठेवा.

पाणी: नळ नोव्हेंबरपासून गोठलेले. जिथे धार चालू ठेवलेली असते तिथून घरातल्या बायका कॅनने पाणी वाहून आणतात, नाही तर बर्फ वितळवतात. ताजा भुसभुशीत बर्फ दहा लिटर घेतला तर पाणी जेमतेम लिटरभर होतं, आणि त्याला सरपण लागतं ते वेगळं. आंघोळीचं नाव काढू नका. पिण्यासाठी मात्र संकोच नको, दिवसाला तीन लिटर हवंच.

शौचालय कोरडं असतं, दुमजली. वरच्या खोलीत जमिनीला भोक, बाजूला माती किंवा राखेचा ढीग आणि फावडं. झालं की दोन फावडी माती टाकायची. खालचं खत वसंतात जवाच्या आणि काळ्या वाटाण्याच्या शेतात जातं. म्हणून त्यात पाणी ओतायचं नाही, ओलसर वाइप्स, पॅड, प्लास्टिक काहीही टाकायचं नाही. हे शेवटी घरातल्याच कुणाला तरी हाताने वेचून काढावं लागतं. साधा कागद चालतो का ते विचारून घ्या. वापरलेले पॅड झिपच्या पिशवीत भरून परत आणा, गोठल्यामुळे वास येत नाही. बायकांसाठी एक सूचना: रात्री दोनदा उठावं लागणारच, तेव्हा लोकरी पँट आणि बूट दाराशी तयार ठेवा, हेडलॅम्प उशाला.

जेवण थुक्पा (नूडल्सचं सूप), तिंगमो (वाफवलेला पाव), डाळभात, काळ्या वाटाण्याचं सूप, खारा चहा. भाजी फार कमी. पिओच्या बाजारातून कांदे, कोबी, गाजर, संत्री घेऊन गेलात तर घराला खरा उपयोग होतो. गाडीत मात्र सीटवर ठेवा, डिकीत गोठून काळी पडतात. चॉकलेटं वाटत फिरू नका.

दऱ्याखोरी

शेकोटीताईंचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाकीट, बाहेर वारा अडवणारं. सुती बनियनसुद्धा नको, घाम धरून ठेवतं. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त पोचत नाही आणि पाय जास्त गार पडतात. गावात वावरायला काझाच्या बाजारातले गमबूट आणि आत लोकरी मोजे पुरतात. गॉगल अतिनील किरण अडवणारा, कडेनेही झाकणारा. बर्फावरच्या उजेडाने डोळे भाजतात आणि ते संध्याकाळी कळतं. बाटली पिशवीत उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, त्यामुळे बूच मोकळं राहतं.

कॅमेऱ्यामागे

हिमबिबट्यासाठी जाणाऱ्यांना दोन शब्द. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८ हिमबिबटे अंदाजले गेले, त्यातले ५१ हिमाचलात. किब्बरचा परिसर अभयारण्य आहे. गावाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून संशोधकांच्या साथीने काही कुरणं चराईमुक्त ठेवली, तिथे भरल (डोंगरी रानमेंढ्या) टिकले आणि भरल टिकले म्हणून हिमबिबटे. दिसण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि देत असेल त्याच्याकडे जाऊ नका.

कामाची रीत अशी: गावातले वाटाडे पहाटे धारेवर दुर्बिणी लावतात आणि समोरचे कडे विंचरतात. दिसलं की वॉकीटॉकीवर निरोप. तुम्ही तिथवर बर्फातून चालत पोचायचं आणि धारेवरच बसायचं, दरीत उतरायचं नाही. प्राणी बरेचदा पाचशे मीटर ते किलोमीटरभर लांब असतो. ५०० किंवा ६०० मिमी लेन्स, भक्कम तिकाटणं, आणि कॅमेरा नसेल तर ८ बाय ४२ दुर्बीण. त्याने मारलेल्या शिकारीजवळ गेलात तर हिमबिबट्या ती सोडून जातो आणि त्या थंडीत पुढची शिकार मिळायला त्याला दिवस लागतात. ड्रोन अजिबात नाही.

बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. खोलीत येण्याआधी बाहेरच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि आत दोन तास उघडू नका. नाहीतर दव थेट सेन्सरपर्यंत जातं.

अटलांटिकपार

आम्ही दोघं ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक), मुंबईचे मित्र भारतीय पासपोर्टवाले. परवान्याचं काय?

चाकोरीबाहेर

मित्रांना परवाना लागत नाही, आधार पुरे. तुम्हाला लागतो. ओसीआय असलं तरी पिओच्या पुढचा सुमदोपर्यंतचा पट्टा संरक्षित क्षेत्रात येतो. रेकाँग पिओच्या सरकारी कार्यालयातून काढता येतो. पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाच्या प्रती, फोटो घेऊन जा. रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी कार्यालय बंद, त्यामुळे पिओत कामाच्या दिवशी पोचाल असं बघा.

आणखी एक: परदेशात डोंगरात वापरतात तो सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन आणू नका. परवानगीशिवाय तो भारतात बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच लोकांना ताब्यात घेतलेलं आहे.

पाऊलवाट

फोनबद्दल विचारणा निरोपातून आली आहे. काझात बीएसएनएल आणि जिओ चालतं, पण वीज गेली की टॉवरही जातो, आणि बर्फाने तारा तुटल्या की वीज दोन-तीन दिवस नसते. तेव्हा घरच्यांना आधीच सांगा की चार दिवस फोन लागला नाही तरी शोधाशोध नको. रोख रक्कम पिओतच काढा, काझाचं एटीएम बंद असू शकतं.

निघण्याच्या आठवड्यात तीन फोन: घरमालकाला (किब्बरचा रस्ता उघडा आहे का, पाणी कुठून येतंय), काझाच्या ड्रायव्हरला (ताबो-काझा साफ आहे का), आणि पिओच्या बसस्थानकाला. हवामान खात्याचा किन्नौर आणि लाहौल-स्पितीचा इशारा रोज बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर असाल तिथेच थांबा, रामपूर असो की ताबो. ताबोत अडकणं सगळ्यात सोयीचं, उंची कमी, मठाची खोली मिळू शकते आणि खाली उतरायचा रस्ता त्यातल्या त्यात आधी उघडतो.